"किरकोळ" म्हणे!

छत्तीस वर्षं मराठी शिकवलं. निबंधात मुलांनी 'खूप', 'बरंच', 'किरकोळ' असे शब्द टाकले की मी समासात लाल शाईनं विचारायची, "म्हणजे किती?" निवृत्त झाल्यावर लाल पेन कपाटात गेलं. ते पुन्हा बाहेर काढावंसं वाटलं ते एका मोटारीमुळे. आता बाईंचा आणि मोटारीचा काय संबंध, असं नात्यातली मंडळी विचारतीलच. संबंध एवढाच की त्या मोटारीच्या मागच्या सीटवर मी बसले होते.

माझ्या भाच्यानं 2023 च्या दसऱ्याला गाडी घेतली. बारा वर्षं वापरलेली, परदेशी, काळी कुळकुळीत. नवी होती तेव्हा तिच्या किमतीत साताऱ्यात बरा फ्लॅट आला असता. आता ती नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळाली. कातडी सीट काय, छताला सरकणारी काच काय! नारळ फुटला, लिंबू-मिरची लागली, पेढे वाटून झाले. (कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक त्या एका कंपनीला नावं ठेवून मोकळे होतात आणि मूळ म्हणणं बाजूलाच राहतं.)

दिवाळीच्या आत डॅशबोर्डवर पहिला पिवळा दिवा लागला, एअरबॅगचा. मग कधी खिडकीची काच अर्ध्यावर अडकायची, कधी गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरलेली असायची. भाच्यानं विकणाऱ्याला फोन केला. "किरकोळ इलेक्ट्रिकल आहे साहेब, या गाड्यांना असतंच." गॅरेजवाला म्हणाला, "किरकोळ सेन्सर आहे." कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनंही अंदाजपत्रकात 'मायनर इलेक्ट्रिकल' असंच लिहिलं. पुढचा आकडा तेवढा किरकोळ नव्हता. भाचा पुन्हा बाहेरच्या गॅरेजात गेला. तिथे कॉम्प्युटर जोडून गाडीच्या मेंदूतली बिघाडाची नोंद पुसून दिली. दिवा गेला, सगळे खूश. तापाचा आकडा बघायचा आणि थर्मामीटर झटकून ठेवायचा, त्यातलाच हा प्रकार!

मग आला 2024 चा जुलै. पुण्याहून बारसं आटोपून रात्री परत निघालो होतो. भाचा गाडी चालवत होता, शेजारी भाचेसून, मागे मी आणि त्यांची सात वर्षांची लेक. खंबाटकीचा घाट चढताना धो धो पाऊस. आधी वायपर थांबले. मग समोरचे आकडे-काटे विझले. मग पुढचे दिवे आणि त्यापाठोपाठ इंजिन. सगळं मिळून दहा सेकंदंही लागली नसतील. भाचा म्हणाला, "मावशी, स्टिअरिंग दगड झालंय." त्यानं चारी इंडिकेटर लावायचं लाल बटण दाबलं. काही नाही. मागचे ब्रेकचे दिवेही गेलेले. हँडब्रेक म्हणजेही त्या गाडीत एक बटणच, तेही मेलेलं. चढावर गाडी मागे सरकू नये म्हणून तो ब्रेक दाबून बसून राहिला, तो जागचा हलूच शकत नव्हता.

काळी गाडी, काळी रात्र, पाऊस, वळण. मागून येणाऱ्याला आम्ही दिसणार कशाने?

भाचेसून उतरली आणि मोबाईलचा टॉर्च हलवत पावसात मागे धावली. पोरीच्या बाजूचं दार लहान मुलांच्या कुलपामुळे आतून उघडेना, म्हणून तिला माझ्या बाजूनं ओढून बाहेर काढलं आणि आम्ही कठड्याकडे जाऊन उभ्या राहिलो. एक जुनाट ट्रक वर येत होता, तो त्या टॉर्चमुळे थांबला. ड्रायव्हरनं आपला ट्रक मागे आडवा धरून इंडिकेटर लावले, क्लीनरनं आमच्या चाकांखाली दगड लावले. त्या ट्रकची कातडी सीट नव्हती, पण त्याचे दिवे लागत होते.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून साताऱ्यात आणली आणि वायरिंगची कामं करणाऱ्या एका माणसाकडे दिली. त्यानं गाडीतला गालिचा उचलला तर खालचा स्पंज पिळून काढावा इतका ओला. छताच्या सरकत्या काचेभोवती पन्हळ असते आणि त्यातलं पाणी बारीक नळ्यांमधून खाली जातं. भाच्याच्या दारातल्या कडुलिंबाच्या काड्यापानांनी त्या नळ्या तुंबल्या होत्या. पाणी आतून उतरून गालिच्याखाली साठत होतं आणि या गाडीत नेमके तिथेच वायरींचे जोड आणि एक कंट्रोल बॉक्स. तांब्यावर हिरवा थर चढलेला. एअरबॅगच्या दिव्याचं कारणही सीटखालच्या तशाच एका सडक्या जोडात होतं. म्हणजे तो पिवळा दिवा आठ महिने खरंच सांगत होता आणि आम्ही पैसे देऊन त्याला गप्प केलं होतं.

मग त्यानं फ्यूजचा डबा उघडून दाखवला. "मावशी, हे बघा. इथे लाल पाहिजे, दहाचा. कुणीतरी हिरवा बसवलाय, तीसचा." त्याच्या मागची वायर काळी पडली होती.

हे मला लगेच कळलं. माझ्या वयाच्या सगळ्यांना कळेल. पूर्वी घरात चिनी मातीचे फ्यूज असत. तार वितळली की अंधार व्हायचा. मग शेजारचा एखादा हुशार माणूस स्टुलावर चढून तांब्याची जाड तार गुंडाळायचा आणि म्हणायचा, "आता बघा, कधी उडणार नाही!" खरंच उडायचा नाही. पण फ्यूज वितळतो तो आपल्याला वाचवण्यासाठी. तो वितळला नाही तर भिंतीतली वायर तापते, तिच्यावरचं वेष्टण जळतं. आमच्या गाडीत तेच, फक्त भिंतीऐवजी पोरीच्या पायाखाली.

तेव्हा 'किरकोळ इलेक्ट्रिकल' म्हणजे किती, हे माझ्यापुरतं ठरलं. जुन्या गाडीत वीज म्हणजे दिवे आणि भोंगा. या गाड्यांमध्ये स्टिअरिंगची ताकद विजेवर, हँडब्रेक विजेवर, एअरबॅग विजेवर, आणि 'मी इथे अडकलेय, सांभाळा' हे मागच्याला सांगणंही विजेवरच. असं असताना इंजिनाचं दुखणं 'मेजर' आणि विजेचं 'मायनर' ही वर्गवारी केली कुणी? इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते. वीज गेली तर गाडी थांबते आणि अदृश्यही होते.

हे भित्र्या म्हातारीचं बोलणं वाटत असेल तर इंग्लंडमधली गोष्ट ऐका. 2016 च्या नाताळच्या दिवशी सरेमध्ये अंधाऱ्या रस्त्यावर एक बीएमडब्ल्यू वीज जाऊन बंद पडली. ब्रेकचे दिवे नाहीत, इशाऱ्याचे दिवे नाहीत. तिला चुकवताना एका छोट्या फोर्ड गाडीतला निवृत्त गुरखा सैनिक झाडावर आदळून गेला. (आमची गाडी त्या कंपनीची नव्हे, हे स्पष्ट सांगते.) बॅटरीकडून येणारी जाड केबल आणि फ्यूजचा डबा यांच्यातला जोड कालांतराने खराब होतो, हा तो दोष. अमेरिकेत याच दोषासाठी 2013 मध्येच पाच लाखांवर गाड्या परत बोलावल्या होत्या. इंग्लंडमध्ये 2017 मध्ये आधी 36 हजारांच्या आसपास बोलावल्या, आणि बीबीसीनं प्रकरण लावून धरल्यावर मे 2018 मध्ये तो आकडा 3 लाख 12 हजारांवर गेला. एक माणूस गेला तेव्हा कुठे 'किरकोळ'चा 'गंभीर' झाला. आणि गेला तो त्या भारी गाडीतला नव्हता. म्हणून 'ही श्रीमंतांची दुखणी, आपल्याला काय' असं म्हणणाऱ्यांना मी सांगते, की अशी गाडी रस्त्यात विझली तर तिच्यावर आदळणार आहे तो मागून मोटारसायकलवर येणारा तुमचा-आमचा मुलगा.

आपल्याकडे काय आहे? मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती झाली आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. 1 एप्रिल 2021 पासून त्याचे नियमही लागू झाले. चांगलं झालं. पण ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. वायरींची वेष्टणं, रबर, जोड कधी म्हातारे होतात? सातच्या पुढेच ना! खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे पंधराव्या वर्षापर्यंत तिची सक्तीची तपासणी कुठली, तर धुराची. इंग्लंडमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी असते आणि एअरबॅगचा दिवा बिघाड दाखवत असेल तर ती नापास होते. आपल्याकडे तोच दिवा पुसून गाडी विकायला उभी राहते.

भाचा म्हणतो, "मावशी, मीच स्वस्तात बघितलं, माझीच चूक." त्याची चूक आहेच, मी त्याला तोंडावर सांगितलंय. बोनेटवरचं चिन्ह बघितलं आणि गालिचा उचलून बघितला नाही. गाडी अर्ध्याहून कमी भावात मिळते, पण तिची दुरुस्ती नव्या गाडीच्याच भावात राहते, हे गणित पाचवीच्या पोरालाही समजेल. पण सगळा दोष त्याच्या गळ्यात घालून इतरांना सोडायला मी तयार नाही. या गाडीच्या वायरींचा नकाशा आणि तपासणीचं सॉफ्टवेअर कंपनी बाहेरच्या कारागिराला सहज देत नाही. स्वतःकडचा दर असा, की मालक बाहेरच पळावा. मग बाहेरचा माणूस अंदाजानं काम करतो. सरकारनं डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारीही घेतल्या. पण पोर्टलवर माहिती ठेवणं कंपनीवर सक्तीचं हवं, मर्जीचं नको.

माझं मागणं फार नाही. सात वर्षांची अट काढा, निदान वीज आणि एअरबॅगच्या दोषांपुरती तरी. जुनी गाडी विकताना बिघाडाच्या नोंदींचा कागद खरेदीदाराच्या हातात देणं सक्तीचं करा, आणि नोंद पुसून विकणं ही फसवणूक धरा. आणि घ्यायचीच असेल अशी गाडी, तर मंडळी, घेण्याआधी गालिच्याखाली हात घाला, फ्यूजचे आकडे झाकणावरच्या तक्त्याशी जुळवून बघा, चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझतो का ते पाहा. लागलाच नाही, तर कुणीतरी त्याला आधीच गप्प केलंय असं समजा.

भाच्यानं सगळे जोड बदलून घेतले, दहाचा फ्यूज बसवला, छताच्या नळ्या दर महिन्याला साफ करतो. बिल आलं तेव्हा मी मागून घेऊन वाचलं. शेवटच्या ओळीत होतं, 'किरकोळ इलेक्ट्रिकल काम'. कपाटातून लाल पेन काढलं आणि समासात लिहिलं, "म्हणजे किती?"