खंड्या पालखीत बसला कसा?

आमच्या घरी कुत्री आणल्याची बातमी फुटल्यापासून विश्रामबागेतल्या ओळखीपाळखीच्या माणसांनी सपाटाच लावला आहे. येतात, चहा घेतात, भडंग संपवतात आणि मग दिवाणाखाली वाकून बघतात. मुलगी बघायचा कार्यक्रमच, फक्त इथे मुलगी बाहेरच येत नाही. मांजरांच्या बाजूने मी या सदरात किती शाई सांडली आहे ते सगळ्यांच्या लक्षात आहे, त्यामुळे टोमणे मारायचीही आयतीच सोय झाली.

माहितीचं तेवढं उरकून टाकते. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडायचं, असं २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात. दिल्लीच्या प्रकरणात २२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दत्तकाचाही उल्लेख केला: हवं त्याने पालिकेकडे अर्ज करावा, पण नेलेलं कुत्रं परत रस्त्यावर येता कामा नये. नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाला खाच पाडतात. आमच्या चिंगीला ती आहे. बघणाऱ्या बायका हळहळतात, "भांडणात तुटला वाटतं गं कान!"

चिंगीला माणसांपेक्षा फरशीची भीती जास्त. डांबरावर वाढलेले पाय गुळगुळीत फरशीवर फाकतात, म्हणून ती भिंतीला अंग घासत कडेकडेने जाते. केरसुणी हातात घेतली की दिवाण गाठते. ताटलीकडे कोणी बघत असेल तर भाकरीला तोंड लावत नाही. मग मी ओट्याकडे तोंड करून उगीचच कोथिंबीर निवडत उभी राहते. मागे मचमच ऐकू आली की समजायचं, जेवण झालं. तीन दिवस घाबरण्याचे, तीन आठवडे घरचं वेळापत्रक कळण्याचे आणि तीन महिने घर आपलं वाटण्याचे, असा ढोबळ हिशेब कुत्री पाळणारे सांगतात. सुरुवातीला पाहुण्यांची वर्दळ नको, असंही बजावतात. ते पाहुण्यांना कोणी सांगायचं?

या रविवारी साताऱ्याहून मामा-मामी आले. मामांनी चपला काढायच्या आधीच विचारलं, "काय गं, जात कुठली?" गावठी म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. "आणायचंच होतं तर कारवान तरी आणायचंस. आणि हे घरात कशाला? बाहेर बांध." एवढं बोलून कंदी पेढ्याचा पुडा सोडत त्यांनी, सातारकर कुत्र्याच्या विषयावर जिथे पोचतोच तिथे, म्हणजे संगम माहुलीला मोर्चा वळवला.

छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्याची तिथे समाधी आहे. शिकारीत वाघ चालून आला आणि या कुत्र्यामुळे महाराज वाचले, अशी कथा. महाराजांनी त्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला. एकदा तर भर दरबारात त्याला दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि पुढे स्वतः कधी पगडी घातली नाही, असं ग्रँट डफच्या इतिहासात आहे. मामा हे अशा अभिमानाने सांगत होते, जणू ती जहागीर त्यांच्याच वाड्याला लागून होती.

मला मात्र भलतंच पडलं. हा खंड्या पालखीत बसला कसा? चिंगीला डॉक्टरकडे न्यायचं तर रिक्षात चढवताना आम्ही दोघं घामाघूम होतो. चढली तर थरथरते, नाहीतर वाटेतच ओकते. पालखी तर हलती, त्यात भोयांची पावलं आणि पुढे वाजंत्री. आणि पगडी? टाके चाटू नयेत म्हणून चिंगीच्या गळ्यात घातलेली ती प्लास्टिकची कॉलर तिने अर्ध्या तासात दाराच्या चौकटीवर आपटून फोडली होती. म्हणजे पालखीची सवय लावायला कोणीतरी नेमलेला असणार. रिकाम्या पालखीत आधी मटणाचा तुकडा ठेवायचा, मग ती जागच्या जागी उचलायची, मग चार पावलं चालायची. त्या माणसाला जहागिरीतलं काय मिळालं? बखरकारांना असले प्रश्न पडत नाहीत.

मामांना विचारलं तर म्हणाले, "राजाचं कुत्रं होतं ते, बसणारच." चिंगी राजाची नाही, हे त्यांनी तेवढ्यात सुनावून घेतलं.

मी म्हटलं, "मामा, तुमच्या गल्लीत टेम्पोखाली चार पिल्लं आहेत म्हणता ना? त्यातलं एक न्या की घरात. खंड्याच्या गावचं तरी आहे."

मामा पेढ्याकडे बघत बसले. मामी म्हणाल्या, "नेऊ की. यांना म्हणावं, जहागीर राहू दे, सकाळी साडेपाचला फिरवायला उठणार का तेवढं आधी विचार."