हलक्या हत्याराचा मोह सोडा!

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम १९८९ साली संमत झाला आणि त्याखालील नियम १९९५ साली आले. त्या नियमांतील तिसरा नियम आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचला आहे. ज्या भागात अत्याचार होण्याची भीती आहे तो भाग शासनाने हेरावा, तेथील इतरांचे हत्यार-परवाने आवश्यक वाटल्यास रद्द करून ती हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यावी, बेकायदा हत्यारे जप्त करावी. आणि अनुसूचित जातींच्या लोकांच्या जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक वाटल्यास त्यांना हत्यारांचे परवाने द्यावे, असे तो नियम सांगतो. हे कोणा माथेफिरूच्या भाषणातले वाक्य नाही. भारत सरकारच्या राजपत्रातील नियम आहे.

कोणी म्हणेल, तुम्ही बौद्ध झालात, आता या कायद्याशी तुमचा काय संबंध? अशा शहाण्यांना एकच उत्तर द्या. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली आणि बौद्धांचा त्यात समावेश झाला. धम्म स्वीकारल्याने कायद्याचे कवच गळून पडत नाही.

हा हक्क आहे. पण हक्क हाती आल्यावर पुढचा प्रश्न उभा राहतो तो हा, की घ्यायचे कोणते हत्यार? आणि नेमक्या याच प्रश्नावर आमच्या माणसाला सर्रास चुकीचे उत्तर दिले जाते. ‘घरात बाईमाणूस आहे, म्हातारा बाप आहे, मग खिशात मावेल असे लहानातले लहान, हलक्यातले हलके पिस्तूल घ्या,’ असे त्याला सांगण्यात येते. हा सल्ला ऐकायला गोड आहे, पण तो साफ खोटा आहे. या लेखाचा रोख त्या सल्ल्यावर आहे.

गोळी पुढे जाते तेव्हा पिस्तूल मागे येते. जितका संवेग गोळीला आणि जळलेल्या दारूच्या वायूला मिळतो, तितकाच पिस्तुलाला उलट दिशेने मिळतो. न्यूटनचा हा नियम श्रीमंताला वेगळा आणि गरिबाला वेगळा नाही. काडतूस तेच ठेवून पिस्तुलाचे वजन निम्मे केले, तर ते दुप्पट वेगाने मागे येते आणि धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. वजन पाव केले तर ती चौपट होते. म्हणजे खिशाला जे हलके ते मनगटाला जड, आणि ज्या दुबळ्या हातासाठी म्हणून हलके हत्यार सुचवले जाते, त्याच हाताला ते सर्वांत जास्त छळते.

एवढ्यावर हे थांबत नाही. लहान पिस्तुलाची मूठ आखूड असते. तिच्यावर दोनच बोटे बसतात, तिसरे हवेत राहते. जो धक्का रुंद मुठीने सगळ्या तळहातावर पसरला असता, तो अरुंद मुठीने एका रेषेत अंगठ्याच्या बेचक्यात रुततो. नळीचा आस मुठीच्या जितका वर, तितके नळीचे तोंड प्रत्येक बाराबरोबर आकाशाकडे उसळते. नळी आखूड म्हणून आवाज व ज्वाळा अधिक. आणि नेमाच्या दोन खुणांमधील अंतर कमी म्हणून नेमातली लहानशी चूकही लक्ष्यापाशी मोठी होते. अशा हत्याराचे चार बार काढले की माणूस पाचव्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो आणि मनगट खाली झुकवतो. त्याची गोळी कोठे जाईल हे मग कोणीच सांगू शकत नाही. शेजारच्या भिंतीपलीकडे झोपलेल्या मुलाकडेही ती जाऊ शकते. ज्या हत्याराची त्याच्या धन्यालाच धास्ती वाटते, ते हत्यार त्याचे रक्षण काय करणार?

यावर पुरावा हवा असेल तर लांब जाण्याचे कारण नाही. आपले कोल्हापूर हे कुस्तीच्या तालमींइतकेच आता नेमबाजीचेही गाव झाले आहे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला रायफल नेमबाजीत जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. आणि आपल्या विषयाशी ज्यांचा थेट संबंध आहे त्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. त्या प्रकारातील काडतूस .२२ बोअरचे, म्हणजे अगदी सौम्य; गोळीचे वजन अवघे अडीच ग्रॅमच्या आसपास. तरीही स्पर्धेचा नियम पिस्तुलाला १४०० ग्रॅमपर्यंत वजनाची मुभा देतो आणि खेळाडू भरदार पिस्तुलेच वापरतात. जगातील उत्तम नेमबाज स्त्रिया सर्वांत सौम्य काडतुसासाठी वजनदार पिस्तूल निवडतात. आणि आमच्या भगिनीला मात्र त्याहून जबर काडतुसासाठी पिसासारखे हलके हत्यार सुचवले जाते! हा सल्ला कोणत्या शास्त्रातून आला?

तो शास्त्रातून आलेला नाही. ‘लहान माणसाला लहान वस्तू’ या जुन्या खोडीतून तो आला आहे. बाईसाठी म्हणून नाजूक, गरिबासाठी म्हणून स्वस्त, दुबळ्यासाठी म्हणून हलके! २०१४ साली कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून काढले. वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. पर्समध्ये मावते हा त्याचा मोठा गुण म्हणून सांगण्यात आला. ईशापूरच्या कारखान्याचे ‘निडर’ तर .२२ बोअरचे आणि अवघ्या २५० ग्रॅमचे. ही हत्यारे वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु पर्समध्ये काय मावते हा पहिला प्रश्न नव्हे. तुमच्या हातात काय स्थिर राहते, हा पहिला प्रश्न आहे.

मग निवड कशी करावी? पोलीस व सैन्य वापरतात ते ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य परवान्यावर मिळत नाही. तेव्हा सर्वसाधारण माणसापुढे मुख्यतः .३२ आणि .२२ हे दोन बोअर उरतात. .२२ चा धक्का सर्वांत कमी, काडतूस स्वस्त, म्हणून शिकण्यास तेच उत्तम. .३२ ची गोळी जड, धक्का मध्यम. तो हात बसल्यावर सहज सोसतो, मात्र हत्यार पुरेसे वजनदार हवे.

रिव्हॉल्व्हरचा सगळा धक्का थेट हातात येतो, पण त्याची रचना साधी असते आणि भरलेले की रिकामे हे चटकन दिसते. स्वयंचलित पिस्तुलात धक्क्याचा काही भाग मागे सरकणारी स्लाइड आणि स्प्रिंग झेलते, म्हणून तो किंचित सौम्य भासतो; पण ती स्लाइड हाताने मागे ओढण्यास जोर लागतो, आणि लहान पिस्तुलाची स्प्रिंग बहुधा अधिकच ताठ असते. म्हणून विकत घेण्यापूर्वी, हत्यार रिकामे असल्याची खात्री स्वतः करून, हे पाहा: तीनही बोटे मुठीवर पुरी बसतात काय? स्लाइड सलग दहा वेळा ओढता येते काय? रिव्हॉल्व्हर असेल तर घोडा न चढवता नुसत्या चापाने तो चालवताना हात थरथरतो काय? दोन्ही हातांनी धरल्यावर नेमाच्या खुणा एका रेषेत राहतात काय? यांपैकी एकाचेही उत्तर प्रतिकूल असेल तर ते हत्यार तुमचे नव्हे; मग ते कितीही देखणे असो आणि विकणारा कितीही आर्जव करो. आणि ज्याच्या हाती ते राहणार, त्यानेच ते पारखावे. पुतण्याने पारखायचे आणि काकूने वापरायचे, असला व्यवहार येथे चालत नाही.

२०१६ च्या हत्यार नियमांनी हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण आवश्यक केले आहे. त्याकडे एक कागद म्हणून पाहू नका. कुस्ती न शिकता लंगोट बांधणारा कोल्हापुरात हास्यास्पद ठरतो. मग नेम न शिकता पिस्तूल बाळगणाऱ्याला काय म्हणावे?

आता परवान्याविषयी. आमच्या वाडवडिलांनी हाती काठी घेऊन गावाच्या वेशी राखल्या, दुसऱ्यांचा सारा आणि खजिना सांभाळला. त्या वेठीचे वतन कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१८ साली रद्द केले. सैन्यात पराक्रम गाजवूनही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत त्यासाठी अर्जविनंत्या कराव्या लागल्या. ज्यांनी इतरांसाठी हत्यार धरले, त्यांनी स्वतःच्या रक्षणासाठी मागितले तर नाक मुरडण्याचा अधिकार कोणाला आहे? १९५९ च्या हत्यार कायद्याचे कलम १४ स्पष्ट सांगते की अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. ‘तुझ्याजवळ राखण्यासारखे आहे काय?’ असे कोणी विचारले, तर हे कलम त्याच्यापुढे ठेवा. नकार दिल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात. ती मागा, आणि कलम १८ खाली अपील करा. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करावयाचा. एकवीस वर्षांखालील व्यक्तीने स्वरक्षणासाठी हत्यार घेण्याची मुभा कायदा देत नाही.

आणि परवाना मिळेपर्यंत? येथे आमच्या तरुणांना कठोर शब्दांत बजावणे आवश्यक आहे. गावठी कट्ट्याच्या वाटेला जाऊ नका! त्याची नळी कोठे फुटेल याचा नेम नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साधे हत्यार बाळगण्यासही किमान दोन वर्षांची कैद आहे. काल जो फिर्यादी होता तो कट्ट्यामुळे आज आरोपी होतो, आणि ज्याने त्याचे घर जाळण्याची धमकी दिली तो मोकळा फिरतो. अत्याचार करणाऱ्याला याहून मोठी भेट कोणती? तुमच्या कमरेचा कट्टा हे तुमचे शस्त्र नव्हे. ते तुमच्या शत्रूच्या वकिलाचे शस्त्र आहे.

परवान्याचे पिस्तूलही काय करू शकते आणि काय नाही, हे ध्यानात असू द्या. बहिष्कार, पाणी तोडणे, पिकात गुरे घालणे, शंभरांचा जमाव, यांपैकी कशालाच खिशातले पिस्तूल उत्तर नाही. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. परंतु जेथे पोलिसांची मदत मागण्यास अवधी आहे तेथे तो लागू होत नाही, आणि आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा तो देत नाही. सूड हा त्यात बसत नाही. म्हणून धमकी आली की पहिली धाव फिर्यादीकडे. अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या कलम १५अ प्रमाणे पीडितांना व साक्षीदारांना संरक्षण देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, आणि कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणारा अधिकारी कलम ४ खाली स्वतः गुन्हेगार ठरतो. ही कलमे पाठ असलेला माणूस पिस्तुलावाचूनही निःशस्त्र नसतो.

पंचशील घेतलेल्या घरात पिस्तूल शोभते काय, हा प्रश्न कित्येक माताभगिनींच्या मनात येईल, आणि तो योग्य आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. हत्यार निवडतानाही तोच भेद कसोटीला लागतो. ज्याला धाक दाखवायचा आहे तो चमकदार, लपवता येण्याजोगे खेळणे निवडतो. ज्याला केवळ प्राणावर बेतले तरच, आणि तेही निरपराध्यास इजा न होता, रक्षण करायचे आहे, तो स्थिर, वजनदार, हाताला बसणारे साधन निवडतो, ते कुलुपात ठेवतो, काडतुसे वेगळी ठेवतो, मुलांच्या दृष्टीसही पडू देत नाही, आणि ते कधी वापरावे लागू नये अशीच कामना करतो.

तेव्हा बंधुभगिनींनो, तीन गोष्टी करा. आपल्या तालुक्यात तिसऱ्या नियमाप्रमाणे अत्याचारप्रवण भाग हेरला आहे काय, हे लेखी विचारा. ज्या कुटुंबावर खरा धोका आहे त्याचा अर्ज सर्वांनी मिळून लिहून द्या. आणि परवाना मिळाल्यावर ‘तुमच्यासाठी हे छोटेसेच बरे’ असे कोणी म्हणाले, तर त्याला नम्रपणे सांगा की आमच्यासाठी काय बरे हे आता आम्ही ठरवतो, आणि ते तोलून, शिकून ठरवतो.

जयभीम!