मालक बाद करा, क्लब नको

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारी समितीचे सदस्य,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, नवी दिल्ली

महोदय,

अचलपुरातल्या एखाद्या पतसंस्थेच्या संचालकाने कर्ज थकवले, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम ७३ कअ त्याची खुर्ची काढून घेते. पतसंस्था मात्र दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला उघडते आणि तिचा पिग्मी एजंट नेहमीच्याच दुकानांतून फिरतो. हे कलम प्रत्यक्षात किती कसोशीने पाळले जाते, यावर वऱ्हाडात कोणीही तासभर बोलेल. पण त्यामागचा विचार चोख आहे. अपात्र ठरतो तो माणूस, संस्था नव्हे. आपल्याकडच्या फुटबॉलमध्ये नेमके उलटे होत आले आहे. मालक डगमगला की क्लबच पुसला जातो, आणि मालक दुसऱ्या धंद्याला लागतो, नाहीतर कोर्टाच्या पायऱ्या चढतो. म्हणून हे पत्र.

पुण्याचेच पाहा. २००७ साली अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी काढला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये हा संघ उपविजेता होता. २०१४-१५ नंतर तो मैदानातच दिसला नाही. कल्याणी समूहाचा भारत एफसी एक हंगाम खेळला आणि संपला. शिवाजीयन्स हा पुण्यातला जुना क्लब बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांच्या पाठबळाने डीएसके शिवाजीयन्स झाला, २०१५-१६ पासून दोन हंगाम आय-लीगमध्ये खेळला. सोबत लिव्हरपूलच्या नावाची अकादमीही होती. २०१७ मध्ये ठेवीदारांच्या तक्रारी पोलिसांत गेल्या, २०१८ च्या फेब्रुवारीत कुलकर्णी दांपत्याला अटक झाली, आणि तोवर क्लब आय-लीगमधून बाहेर पडलाही होता. उरला एफसी पुणे सिटी. तो वाधवान समूहाचा. त्या समूहाची डीएचएफएल ही गृहकर्ज कंपनी २०१९ मध्ये डबघाईला आली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्लबही गेला. पाच वर्षांत एका शहराचे चार क्लब! यातल्या पहिल्या दोघांच्या मालकांवर कसलाही ठपका नव्हता, त्यांनी फक्त हात आखडता घेतला. उरलेल्या दोन प्रकरणांतले आरोप सिद्ध होणे न होणे हा न्यायालयाचा प्रश्न. पण चारही वेळा मालकाला बाजूला सारून क्लब वाचवावा, असे कोणाला सुचले नाही; सुचले असते तरी तसे करायची वाट नियमांत नव्हती.

पुण्याची जागा पुढे हैदराबादला गेली. हैदराबाद एफसीने २०२२ च्या मार्चमध्ये गोव्यात इंडियन सुपर लीगचा करंडक उचलला आणि दोनच वर्षांत, पगार थकले म्हणून खेळाडू एकेक करून निघून गेल्यावर, तो तक्त्याच्या तळाला होता. नवे खेळाडू घेण्यावर फिफाची बंदी आली. बंदी कोणावर? क्लबवर. २०२४ मध्ये मालकी बी. सी. जिंदाल समूहाकडे गेली आणि २०२५ मध्ये सगळे बिऱ्हाड-बाजले दिल्लीला हलले. म्हणजे लीगमधली एकच जागा सहा वर्षांत पुणे, हैदराबाद, दिल्ली अशी तीन गावे फिरली. दुकानाचा गाळा विकावा तशी ती विकली गेली, आणि प्रत्येक गावातले प्रेक्षक जुन्या पाटीसारखे मागे राहिले.

आपल्या परवाना पद्धतीत मैदान, प्रशिक्षक, युवा संघ, लेखापरीक्षित हिशेब हे सारे तपासले जाते. ती तपासणी आवश्यक आहे, पण तिचा निकाल एकच: परवाना मिळाला किंवा नाकारला, आणि दोन्ही क्लबला. मालक नावाच्या माणसाला वेगळा निकाल लागत नाही. इंग्लंडने २००४ मध्ये मालकांची पात्रता-चाचणी आणली, तीही बराच काळ उंबरठ्यावरच अडकली होती. आत येताना कागद पाहायचे, नंतर डोळे मिटायचे. कागदही धड पाहिले जात नव्हते. १८८५ मध्ये स्थापन झालेला, दोनदा एफए कप जिंकलेला बरी हा क्लब डिसेंबर २०१८ मध्ये एका पौंडाला विकला गेला. पैसा कुठून येणार याचा पुरेसा पुरावा हाती नसताना व्यवहार होऊन गेला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये बरीला लीगमधून काढून टाकण्यात आले. पुण्याचा क्लब बुडाला त्याच महिन्यात.

पण उलट उदाहरणही तिथलेच. मार्च २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारने चेल्सीचे मालक रोमन अब्रामोविच यांच्यावर निर्बंध लादले आणि प्रीमियर लीगने त्यांना संचालक म्हणून अपात्र ठरवले. क्लब मात्र विशेष परवान्यावर खेळत राहिला आणि मेअखेरीस नव्या मालकांच्या हाती गेला. युक्रेन युद्धामुळे ते घडले, क्रीडाप्रेमामुळे नाही, हे खरे. तरी माणूस आणि क्लब वेगळे काढता येतात एवढे त्यातून सिद्ध झाले. २०२५ मध्ये तिथे फुटबॉल प्रशासनाचा कायदाच झाला. मालकांची चाचणी आता स्वतंत्र नियामकाच्या हाती जाते आहे आणि आधीपासून बसलेल्या मालकालाही ती लावता येणार आहे.

यावर आपल्याकडून येणारे उत्तर ठाऊक आहे: इथे मालकच मिळत नाहीत, अटी घातल्या तर उरलेलेही पळतील. पण मालक टिकावेत म्हणून नियम सैल ठेवले, त्या काळात ते टिकले का? पुण्याचा हिशेब वर दिलाच आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आरोप म्हणजे गुन्हा नव्हे. नुसत्या तक्रारीवरून कोणाला बाद केले तर प्रतिस्पर्धी उद्या तक्रारींचा पाऊस पाडतील. मान्य. म्हणून गुन्ह्याच्या निकालाची वाट पाहावी लागणार नाही असे निकष हवेत. तीन महिन्यांचा पगार थकला की नाही, हे ठरवायला न्यायाधीश लागत नाही, बँकेचा उतारा पुरतो. भविष्य निर्वाह निधी भरला नाही, फिफाने ठरवलेली देणी चुकती केली नाहीत, मालक कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, या गोष्टी कागदावर दिसतात. त्या दिसताच मालकाचा मतदानाचा व कारभाराचा हक्क गोठवावा. शिक्षा म्हणून नव्हे, खबरदारी म्हणून.

आणि अकुशल मालकाचे काय? इथे पुण्याचाच दाखला परदेशातून येतो. पुण्याच्या वेंकीजने नोव्हेंबर २०१० मध्ये इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला. १९९५ चा हा प्रीमियर लीग विजेता २०१२ मध्ये खालच्या श्रेणीत घसरला, २०१७ मध्ये त्याहून खाली. चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानात जिवंत कोंबडी सोडली, ती कुक्कुटपालनातल्या मालकांसाठीच. पण त्या कुटुंबाने वर्षानुवर्षे पदरचा पैसा ओतला, हेही विसरता येत नाही. चुकीचा प्रशिक्षक नेमणे हा अपात्रतेचा गुन्हा होऊ शकत नाही. तसे केले तर महासंघालाच पहिली नोटीस निघेल. चाचणी प्रामाणिकपणाची आणि ऐपतीची असावी, अकलेची नको.

राहिला प्रश्न, मालक गेला तर क्लब चालवायचा कोणी. हंगामाच्या आधीच प्रत्येक मालकाकडून एका हंगामाच्या पगाराइतकी बँक हमी घ्यावी. हक्क गोठताच महासंघाने नेमलेला प्रशासक त्या हमीतून पगार करेल आणि ठरल्या मुदतीत नवा खरेदीदार शोधेल. क्लबचे नाव, चिन्ह आणि गाव ही मालकाची मालमत्ता नसावी. ती विश्वस्त संस्थेकडे ठेवावी. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून संस्था म्हणूनच उभे आहे, ते काही कोणा उद्योगपतीच्या ताळेबंदावर नाही.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या घटनेला मान्यता दिली. लीगचा जुना व्यावसायिक करारही त्याच वर्षी संपला. म्हणजे क्लबांशी करार नव्याने लिहिण्याची वेळ आलीच आहे. त्या नव्या करारांचा मसुदा सह्या होण्याआधी जाहीर करावा, ही विनंती. पुणे, हैदराबाद करत दिल्लीला पोचलेल्या त्या जागेचा मालक उद्या अपात्र ठरला, तर ती जागा कोणत्या गावाची राहील, हे त्या मसुद्यात वाचायला मिळावे.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक
अचलपूर, जि. अमरावती