वरंध घाटात रेंज गेली, मग ईव्हीची बॅटरी किती उरली हे कसं कळणार?

भोरहून महाडला जाताना वरंध घाटात रेंज जाते (मोबाईलची, गाडीची नव्हे). तरी फोनवरच्या ॲपमध्ये चार्जिंगचा आकडा दिसत राहतो. तो जुना असतो. गाडी आपल्या सिमवरून माहिती कंपनीच्या सर्व्हरला पाठवते, तिथून ती फोनवर येते. नेटवर्क तुटलं की शेवटचा आकडा तसाच राहतो.

खरा हिशेब गाडीतली बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम ठेवते. तिला इंटरनेट लागत नाही, म्हणून डॅशबोर्डवर विश्वास ठेवा. महाडकडे उतरताना रिजनरेटिव्ह ब्रेकिंगमुळे आकडा थोडा वाढूही शकतो. परतीच्या चढणीला मात्र भराभर घसरतो.

अडचण चार्जरची आहे. बहुतेक सार्वजनिक चार्जर ॲप आणि ऑनलाइन पेमेंटशिवाय सुरू होत नाहीत. राज्याच्या २०२५च्या ईव्ही धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं ठरलंय. पण रेंज नसलेल्या जागी उभारलेला चार्जर नुसता खांबच. त्यामुळे राजगड-तोरण्याकडे जाताना पुणे-सातारा महामार्ग सोडण्याआधीच बॅटरी भरून घेतलेली बरी. गावातलं १५ अँपिअरचं सॉकेट ओटीपी मागत नाही, पण तासाला जेमतेम तीन युनिट देतं.