विश्लेषण : विमा नाही, ओटीपोट मात्र सतत दुखते; उपचार कुठे घ्यावेत?

पाळीत चार दिवस कळा, नंतरही ओटीपोटात ठणका, मेडिकलमधून आणलेली गोळी आणि पुन्हा काम. आरोग्य विमा नसलेल्या अनेक महिला वर्षानुवर्षे असेच दिवस काढतात. मग एक दिवस कुणीतरी सांगते, 'पिशवी काढून टाका, कायमची कटकट जाईल.' हा सल्ला इतक्या सहज का दिला जातो? त्याआधी कमी खर्चात काय करता येते?

कारण लवकर का सापडत नाही?

ओटीपोटाच्या जुनाट दुखण्यामागे अनेक कारणे असू शकतात. फायब्रॉइडच्या गाठी, जंतुसंसर्ग, मूत्राशय किंवा आतड्यांचे विकार ही त्यांपैकी काही. एंडोमेट्रिओसिस हे आणखी एक. यात गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के महिला आणि मुलींना हा आजार असतो. साध्या सोनोग्राफीत तो अनेकदा दिसत नाही. त्यामुळे 'रिपोर्ट नॉर्मल आहे' याचा अर्थ 'दुखत नाही' असा होत नाही. 'पाळीत दुखायचेच' या घरच्या समजुतीतही बरीच वर्षे जातात.

खर्चाचे गणित कुठे चुकते?

अशा दुखण्यात खर्च थोडा थोडा, पण सतत होतो. तपासणी, सोनोग्राफी, काही महिने हार्मोनच्या गोळ्या, पुन्हा तपासणी. सरकारी योजना आणि बहुतेक विमा पॉलिसी मात्र मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देतात. बाह्यरुग्ण विभागातील फेऱ्या, गोळ्या आणि बुडालेली मजुरी बाईच्याच पदरातून जाते. म्हणून हातावर पोट असलेल्या बाईला एकदाची शस्त्रक्रिया 'स्वस्त' वाटू लागते.

बीडमध्ये काय दिसले?

ऊसतोडणीला जाणाऱ्या महिलांमध्ये गर्भाशय काढण्याचे प्रमाण मोठे असल्याचे २०१९ मध्ये चर्चेत आले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. मुकादमाकडून घेतलेली उचल, एक दिवस खाडा झाला तरी होणारी कपात, फडात शौचालय नाही आणि कर्करोगाची दाखवलेली भीती, या सगळ्यांतून हा 'उपाय' पुढे आला. अनेकींना त्यासाठी पुन्हा कर्ज काढावे लागले.

विमा नसेल तर कुठे जावे?

पहिला पर्याय सरकारी रुग्णालय. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात स्त्रीरोगतज्ज्ञ नसेल तर उपजिल्हा, स्त्री किंवा जिल्हा रुग्णालयासाठी संदर्भचिठ्ठी मागावी. महापालिका आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना हा निर्णय लागू नाही. तिथे शुल्क असते, पण ते खासगीपेक्षा बरेच कमी असते.

दुसरा पर्याय महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. दाखल व्हावे लागणार असेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्रा'ला भेटावे. कोणते उपचार योजनेत बसतात, हे १५५३८८ या क्रमांकावर विचारता येते.

तिसरा पर्याय धर्मादाय रुग्णालय. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड दाखवून तेथील समाजसेवकाकडे ही सवलत मागावी.

डॉक्टरकडे जाताना काय न्यावे?

दोन-तीन महिन्यांच्या नोंदी. पाळीची तारीख, दुखणे किती दिवस आणि कुठे, रक्तस्राव किती, संबंधाच्या किंवा शौचाच्या वेळी दुखते का, काम किती दिवस बुडाले, कोणत्या गोळ्या घेतल्या. मोबाइलवर किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिले तरी चालते. जुने रिपोर्ट एकाच पिशवीत ठेवावेत, म्हणजे त्याच तपासण्यांवर पुन्हा पैसे जात नाहीत. मात्र अचानक असह्य दुखणे, ताप, चक्कर किंवा पाळी चुकलेली असताना पोटात कळा आल्या तर नोंदींसाठी थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पिशवी काढण्याआधी काय विचारावे?

निदान काय? गोळ्यांनी किंवा इतर उपचारांनी भागेल का? अंडाशयही काढणार का? काढल्यास काय होईल? अंडाशये काढल्यास रजोनिवृत्ती लगेच येते, हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. गर्भाशय काढूनही काहींचे दुखणे राहते. तातडीचे कारण नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. काही महिलांना ही शस्त्रक्रिया खरोखर गरजेची असते, पण तो निर्णय भीतीपोटी होऊ नये.

सरकारने काय करावे?

अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या तीन महिन्यांत लागू करा, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना बजावले. शस्त्रक्रियांवर देखरेख हवीच. पण बाईला त्या टेबलापर्यंत नेणारी वाट तेवढ्याने बंद होत नाही. त्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या वारी स्त्रीरोगतज्ज्ञ भेटले पाहिजेत, सोनोग्राफी चालू असली पाहिजे आणि महिन्याच्या गोळ्या तिथेच मिळाल्या पाहिजेत. दुखण्याचे कारण शोधण्याचा खर्च व्यवस्था उचलत नाही, तोवर गरीब बाईपुढे 'पिशवी काढा' हाच पर्याय उरेल.