भरतीला निघालेल्या लेकरांचे धावणे

मराठवाड्यातून एका ताईंचे पत्र आले आहे. मुलगी बारावी झाली, पोलीस भरतीचा ध्यास घेतला आहे आणि अर्ज मुंबईसाठी भरायचा असे तिने ठरवले आहे. रोज पहाटे साडेचारला उठून ती डांबरी रस्त्यावर जीव तोडून पळते आणि घरी आली की ओसरीवर आडवी होते. दोन महिने झाले तरी ८०० मीटरची वेळ काही साडेतीन मिनिटांच्या खाली उतरत नाही. नडग्याही दुखू लागल्या आहेत. ‘एखादे चांगले टॉनिक सुचवा,’ असे ताईंनी लिहिले आहे.

टॉनिकाचे पुढे बघू. आधी हिशेब समजून घ्या, कारण भरतीच्या धावण्यात हिशेबच मोठा आहे. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीला ५० गुण आहेत. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचे, त्याला २० गुण. शिवाय १०० मीटर धावणे १५ गुणांचे आणि गोळाफेक १५ गुणांची. निम्मे गुण पडले नाहीत तर लेखी परीक्षेचे दार उघडतच नाही, आणि निम्मे पडले तरी एका जागेमागे दहाच जण पुढे घेतात. २०२४ मध्ये राज्यात १७ हजार ४७१ जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले होते. एकेका सेकंदाला काय मोल आहे ते यावरून ध्यानात येईल. पूर्ण २० गुणांसाठी मुलाने १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत आणि मुलीने ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंदांत संपवायचे असते. राज्य राखीव दलाच्या शिपायासाठी हेच धावणे ५ किलोमीटरचे असते. नियम बदलतात, तेव्हा त्या त्या वर्षाची जाहिरात वाचल्याशिवाय राहू नका.

आता या मुलीचे चुकते कुठे? ती आळशी आहे असे मुळीच नाही. ती रोज परीक्षा देते, तयारी मात्र करत नाही. रोज सकाळी ८०० मीटर जीव तोडून पळणे म्हणजे रोपटे वाढले का हे बघायला रोज उपटून पाहण्यातला प्रकार आहे.

८०० मीटर धावताना लागणारी निम्म्याहून जास्त शक्ती श्वासातल्या प्राणवायूवर तयार होते, आणि १६०० मीटरला तर सुमारे चार पंचमांश. हृदयाने एका ठोक्यात जास्त रक्त ढकलावे, मांड्या-पोटऱ्यांत बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे वाढावे, ही कामे सावकाश पण पुष्कळ धावण्याने होतात. त्याला महिने लागतात. शेतातल्या कामाने अंग कणखर होते हे खरे. खुरपणी, वेचणी, मोळी उचलणे यांनी कंबर आणि हात तयार होतात. पण धावण्याचा दम हा वेगळा आहे, तो धावूनच येतो.

न्यूझीलंड देशात आर्थर लिडियार्ड नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. बुटांच्या कारखान्यात काम करायचा आणि शेजारपाजारच्या पोरांना धावायला शिकवायचा. त्यातल्या पीटर स्नेलने १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचे सुवर्णपदक घेतले आणि १९६४ साली टोकियोत ८०० आणि १५०० मीटर अशी दोन्ही. हा ८०० मीटरचा गडी रविवारी डोंगराच्या रस्त्याने २२ मैल, म्हणजे ३५ किलोमीटर धावायचा! लोक हसायचे. आपल्या पोरींनी ३५ किलोमीटर धावावे असे मी मुळीच म्हणत नाही. पण पावणेतीन मिनिटांच्या शर्यतीची तयारी तासाभराच्या सावकाश धावण्यावर उभी राहते, एवढे त्यातून घ्यायला हरकत नाही.

सावकाश म्हणजे किती? सोबतच्या माणसाशी धड वाक्य बोलता आले पाहिजे, इतके. धाप लागून शब्द तुटू लागले की पाय आवरायचा. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, फाटकापासून कान्हेरीच्या लेण्यांकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावर, रविवारी सकाळी गेलात तर माणसे गप्पा मारत धावताना दिसतील. गावाकडच्या मुलांना ते पाहून हसू येते, हे काय पळणे म्हणायचे! पण त्यांतली कित्येक जण दीड-दोन तास न थांबता धावतात.

तेव्हा या मुलीने असे करावे. पहिला आठवडाभर धावणे बंद ठेवून नडग्यांना विश्रांती द्यावी, चालायला हरकत नाही. दुखणे एकाच ठिकाणी बोट ठेवण्याइतके असेल किंवा रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. दम दोन महिन्यांत वाढतो, पण हाड आणि टाचेमागची शीर त्याच्या मागून सावकाश येतात. बहुतेक दुखणी या मधल्या अंतरातच होतात. आणि डांबरी रस्ता सोडा. गाडीवाट, नांगर न लागलेला माळ, शाळेचे मैदान, यांपैकी जे जवळ असेल ते धरा.

मग आठवड्यातून चार दिवस, एक दिवसाआड, पाच मिनिटे धावणे आणि दोन मिनिटे चालणे असे अर्धा तास. अंगात आले की चालणे कमी करत जावे. दोन महिन्यांत अर्धा-पाऊण तास न थांबता सावकाश धावता आले म्हणजे पाया भरला. दर आठवड्याला अंतर थोडेच वाढवायचे आणि चौथ्या आठवड्याला थोडे कमी करून अंगाला उसंत द्यायची. ज्या दिवशी दिवसभर वेचणी किंवा ऊसतोड झाली, त्या दिवशी धावणे बंद. तो दिवस फुकट गेला असे मानू नका. पायांच्या खात्यात ती मेहनत जमाच झालेली असते. आणि आई-वडिलांना माझी विनंती, जोराच्या धावण्याच्या दिवशी तरी लेकीच्या वाटचे जड काम दुसऱ्या कुणी उचलावे. मुलगा भरतीला पळत असला की त्याला दूध आणि झोप मिळते, मुलगी पळून आली की तिला हंडा दिसतो. हे घरोघरी मी पाहिले आहे.

तिसऱ्या महिन्यापासून आठवड्यात एकच दिवस वेगाचा ठेवावा. आज तिची वेळ साडेतीन मिनिटे, म्हणजे २०० मीटरला बावन्न-त्रेपन्न सेकंद पडतात. तिने २०० मीटर पन्नास सेकंदांत धावावे, दोन मिनिटे चालावे, पुन्हा धावावे, असे सहा वेळा. सहावा तुकडा पहिल्याइतक्याच वेळात झाला पाहिजे. तो ढेपाळला तर पहिला जास्त जोरात झाला असे समजावे. दर पंधरवड्याला सेकंद-दोन सेकंद उतरवत जायचे. पूर्ण गुणांची वेळ २०० मीटरला साडेबेचाळीस सेकंद येते. मुलांनी हाच प्रकार ४०० मीटरच्या तुकड्यांनी करावा. त्यांची पूर्ण गुणांची वेळ ४०० मीटरला साडेसत्त्याहत्तर सेकंद. जवळ टेकडी असेल तर एखाद्या आठवड्यात त्याऐवजी चढावर दहा-बारा सेकंदांच्या उड्या घ्याव्यात, १०० मीटरच्या धावेलाही त्या उपयोगी पडतात. पुरी परीक्षा घड्याळ लावून तीन आठवड्यांतून एकदाच. सहा महिन्यांत वेळ नेमकी किती उतरेल याची हमी मी देत नाही, कुणीच देऊ नये.

मैदान मोजायला फिरकीची टेप नसली तरी अडत नाही. सातबाराच्या भाषेत १ हेक्टरचे शेत चौरस असेल, तर त्याची बाजू बरोबर १०० मीटर, आणि बांधाबांधाने एक फेरी म्हणजे ४०० मीटर! फक्त शेत चौरस असल्याची खात्री करून घ्या, आपले बांध कसे सरकलेले असतात ते तुम्हीच जाणता.

शर्यतीच्या दिवशी बहुतेक जण हरतात ते पहिल्या फेरीत. सोबतचा घोळका सुसाट सुटतो, आपणही सुटतो, आणि उरलेल्या फेऱ्यांत पाय शिशाचे होतात. पहिली आणि शेवटची फेरी सारख्याच वेळात धावण्याची सवय गावातच लावा.

आता टॉनिक. महाराष्ट्रात २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. प्राणवायू वाहून नेणारे ते हिमोग्लोबिनच. ते कमी असेल तर मुलगी कितीही पळो, दम येणार नाही. तेव्हा बाटली विकत घेण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासा. कमी निघाले तर लोहाच्या गोळ्या तिथेच मिळतात, त्या सांगितल्या तितके महिने घ्याव्यात. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळले तर लागते. बाजरीची भाकरी, उसळ, शेंगदाणे, पालेभाजी, दूध, जमत असेल तर अंडी. याहून निराळा खुराक लागत नाही. कुणी इंजेक्शन किंवा दम वाढवणारी पुडी देऊ केली, तर त्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

हे इतके बजावून सांगण्याचे कारण आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईत कालिन्याच्या मैदानावर १६०० मीटर धावून आलेला एक तरुण कोसळला तो उठला नाही. जून २०२४ मध्ये अंबरनाथजवळ बाळेगावला ५ किलोमीटर धावताना आणखी एक गेला. गावाकडून आलेली तरणीताठी पोरे होती. म्हणून तयारी सुरू करतानाच डॉक्टरांकडून छाती तपासून घ्या. पळताना कधी भोवळ आली असेल, छातीत दुखले असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेले असेल तर ते लपवू नका. विदर्भात आणि आदिवासी भागांत सिकलसेलची तपासणीही करून घ्यावी. त्याचा नुसता वाहक असलेल्या माणसालाही उन्हातल्या जिवापाड धावण्यात धोका संभवतो.

मुंबईची हवा हाही एक विषय आहे. आपल्याकडे ऊन कडक, पण घाम वाळतो आणि अंग निवते. मुंबईच्या दमट हवेत घाम नुसता निथळतो, अंग तापलेलेच राहते. अशा हवेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, कुठेही गाववाल्याची खोली असेल तर निदान चार दिवस आधी जा, मात्र तिथे जोराचा सराव करू नका. आदल्या रात्री फलाटावर किंवा फुटपाथावर झोपून सकाळी धावणे ही मोठी चूक आहे, पण ती पुष्कळांना करावी लागते. अंधेरीत मरोळच्या पोलीस मैदानावर बोलावणे आले, तर घाटकोपर आणि अंधेरी या दोन्ही बाजूंनी मेट्रोचे चौथे स्थानक मरोळ नाका आहे, पुढे रिक्षा करावी. मेट्रो पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होते आणि बोलावणे बऱ्याचदा त्याआधीचे असते, म्हणून मुक्काम जवळ धरा किंवा वाहनाची सोय आदल्या दिवशीच बघून ठेवा. नेहमीचे घरचे हलके खाणे दोन तास आधी, आणि रांगेत उभे असताना घोट घोट पाणी. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत. अंगात ताप असेल तर धावू नका. सोबतचा कुणी धावून आल्यावर असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर त्याला सावलीत न्या, अंगावर भरपूर पाणी ओता आणि मैदानावरच्या डॉक्टरांना हाक मारा.

लांबच्या धावण्याला लहानपणीच सुरुवात व्हावी लागते असे काही नाही. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेला मैलोगणती पायी जाई, पण शर्यतींचे धावणे त्याने धरले ते फौजेत गेल्यावर, २०१५ च्या सुमारास, विशी गाठल्यावर. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीचे सुवर्णपदक त्याने आणले.

ताईंच्या पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. पहाटे अंधारात तिला एकटीला पाठवायला मन धजत नाही, गावात लोकही बोलतात. ताई, अंधारात एकटीने धावू नये हे बरोबरच आहे. उजाडल्यावर धावले तरी काही बिघडत नाही, संध्याकाळी उन्हे कलल्यावरही चालते. गावात भरतीचा विचार करणाऱ्या आणखी दोघीतिघी असतील, त्यांना एकत्र करा, शाळेच्या मास्तरांकडून मैदान मागून घ्या. आणि पहिले पंधरा दिवस तिच्या वडिलांनी सायकल घेऊन सोबत जावे. बापच सोबत असला की बोलणारे बहुधा आठ दिवसांत गप्प होतात, आणि घड्याळ धरायला माणूस लागतोच.