एक फोटो 'झाले'?

'1 फोटो डिलीट झाले.' परवा एका अ‍ॅपने मला ही बातमी दिली. फोटो गेल्याचं दुःख राहिलं बाजूला, मी त्या वाक्याकडेच बघत बसले. एक फोटो 'झाले' कसा काय बुवा?

आयटीतल्या मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, ''अगं, सोपंय. आकडा एक नसला की शब्दाला 'एस' चिकटवायचा. बस्स!''

इंग्रजीत हे बऱ्यापैकी खपतं. मराठीत? '1 फाइल सापडली', '3 फाइली सापडल्या'. शब्द बदलला, क्रियापदही बदललं. 'फोटो' तर जागचा हलतच नाही, पण 'झाला'चं 'झाले' होतं. म्हणजे प्रोग्रॅमरने वाक्याचे तुकडे करून मध्ये आकडा कोंबला की संपलंच!

आणि आपण एकटे नाही. जपानीत एकवचन-अनेकवचनाची भानगडच नाही, अरबीत मात्र तब्बल सहा प्रकार. रशियन तर कमालच! 1 फायल, 2 फायला, 5 फायलव्ह, आणि 21 झाले की पुन्हा 'फायल'!

गंमत म्हणजे यावरचा उपाय तयार आहे, तोही फुकट. युनिकोडच्या 'सीएलडीआर' या डेटामध्ये भाषेगणिक नियम दिलेत. मराठीला खण दोनच, 'वन' आणि 'अदर'. हिंदीत शून्य 'वन'मध्ये जातं, आपल्याकडे 'अदर'मध्ये. अँड्रॉइडमध्ये 'प्लुरल्स' नावाची सोय याचसाठी आहे. अट एकच, प्रत्येक खणात अख्खं वाक्य लिहायचं, तुकडे नाहीत.

एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस, असं म्हणाल. पण बॉस, मराठी धेडगुजरी वाटली की आपण काय करतो? गुपचूप सेटिंग्जमध्ये जातो आणि भाषा इंग्रजी करतो. मग कंपनी म्हणणारच, 'मराठी वापरतंय कोण?' अनुवादावरचा खर्च आधी तिथेच कापला जातो. म्हणून पुढच्या वेळी असं वाक्य दिसलं, तर स्क्रीनशॉट काढून फीडबॅकमध्ये पाठवा. दोन मिनिटांचं काम आहे.

बाकी सगळं नियमात बसलं तरी एक पेच उरतोच. आजोबा एकच असतात, पण 'आजोबा आला' म्हणून बघा घरात! मान किती द्यायचा ते आकड्यावरून कळत नाही. तिथे मराठी माणूसच लागतो.